ज्ञान आणि उच्चार यांतील अंतर : ब्रह्मदेशातील दडपशाही आणि राष्ट्रांचा दंभ

रत्नागिरीत जन्मलेले लोकमान्य टिळक १९०८ ते १९१४ या काळात मंडालेच्या तुरुंगात होते आणि मंडालेचा पदच्युत राजा थिबा १८८६ पासून १९१६ मध्ये मृत्यू येईपर्यंत रत्नागिरीत नजरकैदेत होता. एकाच साम्राज्याने घडवून आणलेली ही अदलाबदल मराठी वाचकाला परिचित आहे. 'गीतारहस्या'चे लेखन मंडालेच्या कोठडीत झाले हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते आणि रत्नागिरीचा थिबा राजवाडा पाहून आलेल्यांची संख्याही मोठी आहे. थिबाला गादीवरून का काढले गेले, हे मात्र त्या मानाने कमी सांगितले जाते. ब्रिटिश राज्यकर्ते आणि त्यांची वृत्तपत्रे यांनी दिलेले कारण नैतिक होते. थिबा क्रूर असून त्याच्या कारकिर्दीच्या आरंभी, म्हणजे १८७९ मध्ये, राजघराण्यातील अनेक स्त्रीपुरुषांची हत्या झाली होती. अशा जुलमी राजाच्या तावडीतून प्रजेला सोडवणे हे सुधारलेल्या राष्ट्राचे कर्तव्य आहे, असा तो युक्तिवाद होता.

यातील हत्येची हकीकत खरी होती. प्रश्न कालगणनेचा आहे. हत्या १८७९ मध्ये झाली आणि ब्रिटिशांना ती त्याच वर्षी कळली. निर्वाणीचा खलिता मात्र ऑक्टोबर १८८५ मध्ये गेला. मधल्या सहा वर्षांत थिबाची क्रूरता वाढली नव्हती. वाढले होते ते दोन हितसंबंध. मुंबईत स्थापन झालेल्या 'बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन' या कंपनीवर सागवानाच्या व्यवहारावरून थिबाच्या दरबाराने मोठा दंड बसवला होता आणि दरबाराची फ्रान्सशी जवळीक होऊ लागली होती. नोव्हेंबर १८८५ मध्ये फौजा निघाल्या आणि १ जानेवारी १८८६ रोजी उत्तर ब्रह्मदेश ब्रिटिश साम्राज्यात विलीन झाल्याचे जाहीर झाले. अत्याचाराचे ज्ञान १८७९ चे होते. त्याचा उच्चार १८८५ चा. या दोहोंमधील अंतर सागवानाने मोजता येते.

प्रस्तुत लेखाचा विषय हेच अंतर आहे. हुकूमशाही राजवटींनी आपल्या प्रजेवर केलेल्या अत्याचारांना इतर राष्ट्रे जो प्रतिसाद देतात, त्यातील दांभिकता कशी ओळखावी आणि तिचे स्वरूप काय, याचा विचार ब्रह्मदेशाच्या (१९८९ पासूनच्या अधिकृत नावाने म्यानमारच्या) संदर्भात येथे केला आहे. हे उदाहरण निवडण्याचे कारण असे की, या देशाबाबत पाश्चात्त्य राष्ट्रे, आशियाई राष्ट्रे, स्वातंत्र्यलढ्याचा वारसा सांगणारी राष्ट्रे आणि खुद्द भारत या सर्वांचीच परीक्षा झाली आहे.

दंभाची व्याख्या

भगवद्गीतेच्या सोळाव्या अध्यायात आसुरी संपत्तीची जी गणना आहे, तिच्या आरंभीच दंभाचे नाव येते. मराठी संतपरंपरेनेही दंभावर जितके प्रहार केले, तितके क्वचितच दुसऱ्या दोषावर केले असतील. यामागे एक सूक्ष्म जाण आहे. क्रूर माणूस मूल्य नाकारतो. दांभिक माणूस मूल्य मान्य करतो आणि त्या मान्यतेचाच आडोसा घेतो. म्हणून दंभ हा मूल्याला आतून पोखरणारा दोष ठरतो.

राष्ट्रांच्या व्यवहारात ही संज्ञा वापरताना मात्र सावधगिरी हवी. बोलणे आणि करणे यांतील प्रत्येक तफावत दंभ नव्हे. दुर्बल राष्ट्राला बलाढ्य शेजाऱ्याविरुद्ध बोलता येत नाही, हे असामर्थ्य आहे. एखादे सरकार 'आमचे हित यात गुंतले आहे, म्हणून आम्ही गप्प आहोत' असे उघड म्हणत असेल, तर ते स्वार्थी म्हणता येईल; दांभिक म्हणता येणार नाही. हितसंबंधाला तत्त्वाचे नाव दिले जाते तेथे दंभाचा आरंभ होतो. त्याच्या ओळखीसाठी तीन कसोट्या पुरेशा आहेत. पहिली कसोटी काळाची : अत्याचार कळला कधी आणि बोलला गेला कधी? दुसरी समतेची : शत्रूला लावलेला नियम मित्रालाही लावला जातो काय? तिसरी कसोटी किमतीची : जे कर्तव्य पार पाडायला फारशी किंमत पडत नाही, ते तरी पार पाडले जाते काय?

काळाच्या कसोटीचे विसाव्या शतकातील सर्वांत ठळक उदाहरण इराकमधील हलब्जाचे आहे. १६ मार्च १९८८ रोजी सद्दाम हुसेनच्या विमानांनी या कुर्द गावावर विषारी वायूचा मारा केला आणि सुमारे पाच हजार माणसे मृत्युमुखी पडली. त्या वेळी इराण हा अमेरिकेचा मोठा शत्रू होता आणि सद्दाम इराणशी लढत होता. सुरक्षा परिषदेने ९ मे १९८८ रोजी संमत केलेल्या ६१२ क्रमांकाच्या ठरावात रासायनिक अस्त्रांच्या वापराचा निषेध होता; पण गुन्हेगार म्हणून इराकचे नाव नव्हते. संयमाची अपेक्षा दोन्ही बाजूंकडून व्यक्त झाली होती. पुढे २००२-०३ मध्ये इराकवरील आक्रमणाची तयारी सुरू झाली, तेव्हा हेच हलब्जा अमेरिकेच्या भाषणांतून वारंवार ऐकू येऊ लागले. प्रेते तीच होती; चौदा वर्षांनी त्यांना उपयोग प्राप्त झाला होता. थिबाच्या पदच्युतीतील सूत्र आणि हे सूत्र एकच आहे.

ब्रह्मदेशाची घटना

ब्रह्मदेश ४ जानेवारी १९४८ रोजी स्वतंत्र झाला. त्याच्या स्वातंत्र्यलढ्याचे नेते आँग सान यांची १९ जुलै १९४७ रोजीच हत्या झाली होती. २ मार्च १९६२ रोजी जनरल ने विन यांनी सत्ता बळकावली आणि त्याच वर्षी ८ जुलै रोजी रंगून विद्यापीठातील विद्यार्थी संघाची इमारत सुरुंगाने उडवून देण्यात आली. पुढच्या काही वर्षांत राष्ट्रीयीकरणाच्या लाटेत लाखो भारतीय वंशाच्या लोकांना व्यापार आणि घरदार सोडून परतावे लागले.

१९८८ च्या ऑगस्टमध्ये विद्यार्थ्यांनी सुरू केलेला उठाव देशभर पसरला. १८ सप्टेंबर रोजी लष्कराने पुन्हा थेट सत्ता हाती घेतली आणि उठाव रक्तात बुडवला. मृतांची संख्या सामान्यतः तीन हजारांच्या घरात सांगितली जाते. नव्या लष्करी मंडळाने जे नाव धारण केले त्याचा अर्थ 'राज्याचा कायदा व सुव्यवस्था पुनःस्थापन करणारी परिषद' असा होता. १९९७ मध्ये तिचे नाव 'राज्य शांतता व विकास परिषद' असे बदलण्यात आले. पहिल्या नावात निदान दंडुक्याचा आवाज होता. दुसऱ्यात तोही उरला नाही. २७ मे १९९० रोजी झालेल्या निवडणुकीत आँग सान यांच्या कन्या आँग सान सू ची यांच्या 'नॅशनल लीग फॉर डेमोक्रसी' या पक्षाला ४८५ पैकी ३९२ जागा मिळाल्या. लष्कराने तो निकाल मानला नाही. सू ची १९८९ पासूनच स्थानबद्धतेत होत्या. १९९१ चे नोबेल शांतता पारितोषिक त्यांना त्याच अवस्थेत मिळाले.

या घटनाक्रमाला जगाने दिलेला प्रतिसाद तीन तऱ्हांचा होता : बोलून अपवाद करणे, मौनाला तत्त्व म्हणणे, आणि दिशा बदलून तिचा उल्लेख टाळणे.

बोलून अपवाद करणे

ब्रह्मी लष्कराविरुद्ध सर्वाधिक बोलणारी राष्ट्रे पाश्चात्त्य होती. त्यांच्या बोलण्याचे मोल नाकारण्याचे कारण नाही. तुरुंगातील माणसाला बाहेर आपले नाव घेतले जाते याचा आधार असतो. पण निर्बंधांची रचना बारकाईने पाहिली की तिच्यातील खिंडार दिसते. १९९७ मध्ये अमेरिकेने ब्रह्मदेशातील नव्या गुंतवणुकीवर बंदी घातली. येथे 'नव्या' हे विशेषण महत्त्वाचे आहे. अंदमान समुद्रातील यादाना वायुक्षेत्रात अमेरिकी कंपनी युनोकॉल आणि फ्रेंच कंपनी टोटाल यांची भागीदारी आधीपासून होती आणि युनोकॉलची गुंतवणूक जुनी असल्यामुळे बंदीतून सुटली. थायलंडकडे जाणाऱ्या या वाहिनीच्या परिसरात लष्कराने ग्रामस्थांकडून सक्तीची मजुरी करून घेतल्याच्या तक्रारी होत्या. काही ग्रामस्थांनी अमेरिकेतील न्यायालयात युनोकॉलविरुद्ध दावा लावला. तो २००५ मध्ये तडजोडीने मिटला. त्याच वर्षी शेव्हरॉनने युनोकॉल विकत घेतली आणि सवलतीचा वारसाही तिच्याकडे गेला. लष्करी राजवटीला परकीय चलन मिळवून देणारा मुख्य मार्ग नैसर्गिक वायूचा होता आणि नेमका तोच मोकळा राहिला.

फ्रान्सचे उदाहरण व्यक्तीच्या पातळीवर अधिक बोलके आहे. संकटग्रस्तांच्या साहाय्यासाठी राष्ट्रांच्या सीमा ओलांडण्याचा हक्क मांडणारे आणि त्या विचाराच्या वैद्यकीय संघटनेच्या संस्थापकांपैकी एक असलेले डॉ. बर्नार कुशनेर यांनी २००३ मध्ये टोटालच्या विनंतीवरून एक अहवाल तयार केला. सक्तीच्या मजुरीच्या आरोपातून तो कंपनीला मोकळी करणारा होता. २००७ मध्ये कुशनेर फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री झाले. टोटाल आणि शेव्हरॉन यांनी ब्रह्मदेशातून माघार घेण्याचे जाहीर केले ते २१ जानेवारी २०२२ रोजी, म्हणजे विद्यार्थ्यांच्या उठावानंतर तेहतीस वर्षांनी.

मौनाला तत्त्व म्हणणे

आग्नेय आशियाई राष्ट्रांच्या 'आसियान' संघटनेने १९९७ मध्ये ब्रह्मदेशाला सदस्यत्व दिले. या धोरणाला 'रचनात्मक संवाद' असे नाव होते. दुसऱ्याच्या अंतर्गत कारभारात हस्तक्षेप न करण्याचे तत्त्व त्यामागे सांगितले जाई. चीन आणि रशियाही हेच तत्त्व सांगत. १२ जानेवारी २००७ रोजी ब्रह्मदेशातील दडपशाही थांबवण्याचे आवाहन करणारा ठराव सुरक्षा परिषदेत आला, तेव्हा चीन व रशिया यांनी नकाराधिकार वापरला. नऊ मते अनुकूल आणि तीन प्रतिकूल पडली. तिसरे प्रतिकूल मत दक्षिण आफ्रिकेचे होते.

या तिसऱ्या मतापाशी अभ्यासकाने थांबले पाहिजे. दक्षिण आफ्रिकेतील वंशभेदाचा प्रश्न संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत प्रथम नेला तो भारताने, १९४६ मध्ये. स्वतंत्र होण्याच्याही आधी. त्या वेळी तेथील गोऱ्या सरकारचा बचाव हाच होता की, हा आपला अंतर्गत प्रश्न आहे. भारताने तो बचाव अमान्य केला, व्यापार थांबवला, आणि पुढची अनेक दशके जगातील राष्ट्रांनी त्या राजवटीवर दबाव ठेवला. ज्या दक्षिण आफ्रिकेची मुक्तता अशा दबावाच्या साहाय्याने झाली, त्याच देशाने २००७ मध्ये असे म्हटले की, ब्रह्मदेशाचा प्रश्न आंतरराष्ट्रीय शांततेला धोका ठरत नाही आणि तो मानवी हक्क परिषदेकडे जावा. कार्यकक्षेचा हा मुद्दा कायद्याच्या पुस्तकात टिकेलही. पण तो ज्याच्या मुखातून आला, त्याच्या इतिहासात टिकत नाही. आर्चबिशप डेस्मंड टुटू यांनी आपल्याच सरकारच्या या मताबद्दल तीव्र निराशा व्यक्त केली, ती याच कारणामुळे.

भारताची दिशाबदल

भारताची कथा अधिक गुंतागुंतीची आहे आणि म्हणूनच अधिक शिकवणारी आहे. १९८८ मध्ये ब्रह्मदेशाच्या शेजाऱ्यांपैकी लोकशाहीच्या बाजूने स्पष्टपणे बोलणारा देश भारतच होता. आकाशवाणीच्या ब्रह्मी सेवेतून राजवटीवर टीका होत असे. सीमा ओलांडून आलेल्या विद्यार्थ्यांना आसरा मिळाला. सू ची यांचे शिक्षण दिल्लीच्या लेडी श्रीराम महाविद्यालयात झाले होते, त्यांच्या आई भारतात राजदूत होत्या. त्यामुळे या भूमिकेला आपुलकीचीही जोड होती.

१९९३ च्या सुमारास दिशा बदलली. त्या वर्षी परराष्ट्र सचिव जे. एन. दीक्षित रंगूनला गेले. बदलाची कारणे खोटी नव्हती. ब्रह्मदेशाशी भारताची १,६४३ किलोमीटरची सीमा आहे आणि ईशान्य भारतातील सशस्त्र गटांचे तळ पलीकडे होते. भारत दूर राहिल्याने चीनचा प्रभाव वाढत होता. पुढे ऊर्जेची गरजही आली. या कारणांचा उच्चार स्पष्टपणे झाला असता, तर भारतावर कठोर वास्तववादाचा आक्षेप आला असता, दंभाचा नव्हे. प्रत्यक्षात दोन्ही गोष्टी एकाच वेळी चालू राहिल्या. १९९५ च्या उन्हाळ्यात सीमेवर दोन्ही लष्करांची संयुक्त मोहीम चालू होती आणि त्याच सुमारास सू ची यांना १९९३ चा जवाहरलाल नेहरू पुरस्कार जाहीर झाला. ब्रह्मी लष्कराने नाराज होऊन मोहिमेतून अंग काढून घेतले. पुरस्काराने सू ची सुटल्या नाहीत आणि मोहीमही तडीस गेली नाही.

हा दुभंग एकाच व्यक्तीच्या जीवनातही दिसतो. मुंबईच्या कामगार चळवळीतून पुढे आलेले जॉर्ज फर्नांडिस यांनी दिल्लीतील आपल्या सरकारी निवासस्थानी ब्रह्मी विद्यार्थ्यांना कित्येक वर्षे आसरा दिला. १९९८ पासून ते ज्या मंत्रिमंडळात संरक्षणमंत्री होते, त्याच मंत्रिमंडळाच्या काळात लष्करी राजवटीशी संबंध दृढ होत गेले. २००१ मध्ये भारताने बांधलेल्या तामू-कालेवा रस्त्याचे उद्घाटन परराष्ट्रमंत्री जसवंत सिंह यांच्या हस्ते झाले. निर्वासितांना घर मोकळे होते. मंत्रिमंडळाची दिशा वेगळी होती.

यानंतरच्या घटना केवळ क्रमाने मांडल्या तरी पुरे. ३० मे २००३ रोजी डेपायिन येथे सू ची यांच्या ताफ्यावर हल्ला होऊन अनेक कार्यकर्ते मारले गेले. ऑक्टोबर २००४ मध्ये राजवटीचे प्रमुख जनरल थान श्वे यांचे दिल्लीत राजकीय इतमामाने स्वागत झाले. सप्टेंबर २००७ मध्ये हजारो बौद्ध भिक्षू अनवाणी रस्त्यांवर उतरले. मोर्चे वाढत असतानाच पेट्रोलियममंत्री मुरली देवरा नेपिडॉ येथे होते आणि भारतीय सरकारी कंपनीचे खोल समुद्रातील तीन तेलक्षेत्रांबाबतचे करार झाले. काही दिवसांतच भिक्षूंवर गोळीबार झाला. भारताच्या निवेदनात सर्व पक्षांनी संवादाने प्रश्न सोडवावेत अशी आशा व्यक्त झाली. जुलै २०१० मध्ये थान श्वे पुन्हा भारतात आले, बोधगयेला गेले आणि राजघाटावर गांधीजींच्या समाधीला त्यांनी पुष्पचक्र वाहिले. या शेवटच्या प्रसंगावर भाष्याची आवश्यकता नाही.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अमेरिकेचे अध्यक्ष ओबामा यांनी भारतीय संसदेत बोलताना ब्रह्मदेशाबाबत भारत मौन बाळगतो अशी टीका केली. टीका योग्य होती. पण ती करणाऱ्या देशाची वायू कंपनी त्या वेळीही यादानामध्ये भागीदार होती. नोव्हेंबर २०१२ मध्ये सू ची दिल्लीत आल्या, तेव्हा कठीण काळात भारत आपल्यापासून दूर गेल्याचे दुःख त्यांनी सौम्य शब्दांत बोलून दाखवले. यजमानांच्या सौजन्यात ते विरून गेले.

वास्तववादाचा हिशेब

या धोरणाच्या समर्थकांचे म्हणणे गंभीरपणे ऐकले पाहिजे. मे २००८ मध्ये 'नर्गिस' चक्रीवादळात एक लाख अडतीस हजारांच्या आसपास माणसे मृत वा बेपत्ता झाली. पाश्चात्त्य देशांची मदत राजवटीने अडवून धरली. भारताची मदत मात्र लगेच स्वीकारली गेली. संबंध तोडले असते, तर हे शक्य झाले नसते. मार्च २०२५ च्या भूकंपानंतरही भारतीय पथके लवकर पोहोचू शकली. संवादाची दारे उघडी ठेवण्याचे हे फळ आहे आणि ते लहान नाही.

परंतु वास्तववादाची परीक्षा त्याच्याच मापाने घ्यायची, तर हिशेब तितकासा समाधानकारक नाही. रखाइन किनाऱ्याजवळील 'श्वे' वायुक्षेत्रात दोन भारतीय सरकारी कंपन्यांची भागीदारी होती. तेथील वायू भारताला मिळावा ही दीर्घकाळची अपेक्षा होती. तो अखेर चीनला विकला गेला आणि २०१३ पासून वाहिनीने चीनकडे जाऊ लागला. चीनचा प्रभाव रोखण्यासाठी स्वीकारलेल्या मौनातून चीनचा प्रभाव कमी झाला, असे म्हणता येत नाही. तत्त्व सोडण्याची किंमत दिली गेली. वस्तू मात्र पदरात पडली नाही.

बळीचे रूपांतर

या कथेतील सर्वांत अवघड भाग सू ची यांच्या संबंधी आहे. १९८२ च्या नागरिकत्व कायद्यामुळे रखाइन प्रांतातील रोहिंग्या मुस्लिम व्यवहारतः राज्यहीन झाले होते. २५ ऑगस्ट २०१७ रोजी सशस्त्र गटाने पोलीस चौक्यांवर हल्ले केल्यानंतर लष्कराने जी कारवाई केली, तिला 'साफसफाई मोहीम' असे म्हटले गेले. सात लाखांहून अधिक रोहिंग्या बांगलादेशात पळून गेले. संयुक्त राष्ट्रांच्या सत्यशोधन समितीने २०१८ मध्ये वरिष्ठ सेनाधिकाऱ्यांची वंशसंहाराच्या आरोपाखाली चौकशी व्हावी असे म्हटले. डिसेंबर २०१९ मध्ये हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयात गांबियाने लावलेल्या दाव्यात म्यानमारचा बचाव करण्यासाठी स्वतः सू ची उभ्या राहिल्या. ज्या लष्कराने त्यांना जवळजवळ पंधरा वर्षे स्थानबद्ध ठेवले, त्याच लष्कराच्या वतीने त्यांनी न्यायालयाला सांगितले की, मांडलेले चित्र अपूर्ण आणि दिशाभूल करणारे आहे.

जगाने एका देशाच्या मानवी हक्कांचा प्रश्न एका व्यक्तीच्या प्रतिमेत साठवला होता. ती व्यक्ती सुटली तेव्हा प्रश्न सुटला असे मानले गेले आणि ती व्यक्ती बदलली तेव्हा जगाला फसवल्यासारखे वाटले. रोहिंग्यांची नागरिकता मात्र सू ची बंदिवासात असतानाही नव्हती आणि त्या सत्तेत असतानाही नव्हती. पूजा आणि तिरस्कार या दोन्हींमध्ये खरा बळी बाजूलाच राहिला. १ फेब्रुवारी २०२१ रोजी लष्कराने पुन्हा सत्ता घेतली आणि सू ची यांना पुन्हा अटक झाली.

भारताने सप्टेंबर २०१७ मध्ये बांगलादेशातील निर्वासितांसाठी अन्नधान्य पाठवले. त्याच महिन्यात पंतप्रधानांच्या म्यानमार भेटीनंतरच्या संयुक्त निवेदनात मात्र पळून जाणाऱ्या रोहिंग्यांचा उल्लेख नव्हता. ऑक्टोबर २०१८ मध्ये सात रोहिंग्यांना भारतातून म्यानमारच्या स्वाधीन करण्यात आले. इस्लामी राष्ट्रांनी रोहिंग्यांसाठी आवाज उठवला, तो रास्तच होता. परंतु जुलै २०१९ मध्ये शिंजियांगमधील चीनच्या धोरणाला पाठिंबा देणाऱ्या राष्ट्रांच्या पत्रावर पाकिस्तान आणि सौदी अरेबिया यांच्या सह्या होत्या. उइगुरही मुस्लिमच आहेत. पण तेथे समोर चीन होता. ऑक्टोबर २०२२ मध्ये शिंजियांगवर केवळ चर्चा करावी, हा प्रस्तावही मानवी हक्क परिषदेत १७ विरुद्ध १९ मतांनी फेटाळला गेला. भारत त्या मतदानात तटस्थ राहिला. समतेची कसोटी येथे कोणालाच पार करता आली नाही.

प्रतिआरोपाचा आसरा

दंभाच्या चर्चेत एक धोका असतो. दुसऱ्याचा दंभ उघड करणे हा स्वतःच्या मौनाचा सर्वांत सोपा आधार होतो. पाश्चात्त्यांनी यादाना चालू ठेवले, म्हणून आशियाई राष्ट्रांना मौनाचा अधिकार मिळतो; भारताच्या ईशान्य भागात १९५८ पासून लष्कराला विशेषाधिकार देणारा कायदा आहे, म्हणून भारताने शेजाऱ्याबद्दल बोलू नये; अशा युक्तिवादांची साखळी अखंड चालू शकते. तिच्यातील प्रत्येक कडी सत्य असते. तरीही साखळीच्या शेवटी जो निष्कर्ष निघतो तो असत्य असतो. कारण त्यात ज्याच्यावर अत्याचार झाला, तो माणूसच गळून गेलेला असतो. आरोप करणारा अपात्र ठरला, म्हणून गुन्हा घडला नाही असे होत नाही. थिबाच्या दरबारातील हत्या ब्रिटिशांनी सागवानासाठी वापरल्या. त्यामुळे त्या हत्या खोट्या ठरत नाहीत.

'सर्व पक्षांनी संयम बाळगावा' या राजनैतिक शब्दप्रयोगाचेही असेच आहे. हलब्जाच्या वेळी तो होता, २००७ मध्येही त्याचाच अवतार होता. वाक्यरचनेत दोन पक्षांना समान स्थान दिले की, बंदूक धरणारा आणि अनवाणी चालणारा यांतील अंतर व्याकरणाने मिटते. अशी वाक्ये खोटी नसतात. त्यांत कर्ता नसतो, एवढेच.

कमी किमतीचे कर्तव्य

उरली तिसरी कसोटी. २०२१ च्या सत्तापालटानंतर २७ मार्च रोजी नेपिडॉ येथील लष्करी संचलनाला उपस्थित असलेल्या आठ देशांच्या प्रतिनिधींत भारताचाही प्रतिनिधी होता. त्या एका दिवसात देशभरात शंभरहून अधिक नागरिक मारले गेले. १८ जून २०२१ रोजी आमसभेत सत्तापालटाचा निषेध करणारा ठराव ११९ विरुद्ध १ मतांनी संमत झाला. तटस्थ राहिलेल्या ३६ देशांत भारत होता. डिसेंबर २०२२ मध्ये सुरक्षा परिषदेच्या ठरावाच्या वेळीही चीन आणि रशिया यांच्यासह भारत तटस्थ राहिला.

याच काळात मिझोराममध्ये वेगळे काही घडले. केंद्रीय गृहमंत्रालयाने मार्च २०२१ मध्ये सीमेवरील चार राज्यांना निर्वासितांचा ओघ थांबवण्यास सांगितले. भारताने १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, त्यामुळे कायद्याच्या दृष्टीने त्या सूचनेला आधार होता. मिझोरामचे मुख्यमंत्री झोरमथांगा यांनी पंतप्रधानांना पत्र लिहून आपल्या राज्याला हे शक्य नसल्याचे कळवले. सीमेपलीकडील चिन आणि अलीकडील मिझो हे एकाच वंशकुळाचे लोक आहेत. गावागावांतील मंडळे, चर्च आणि कुटुंबे यांनी हजारो निर्वासितांना आश्रय दिला, त्यांच्या मुलांना शाळांत घेतले. यामागे नात्याचा ओढा होता, हे खरे. आपल्या वंशाबाहेरच्या माणसासाठी हीच दारे उघडली असती काय, असाही प्रश्न विचारता येईल. पण मिझोरामने आपल्या कृतीला कोणत्याही मोठ्या तत्त्वाचे नाव दिले नाही. हे आमचे लोक आहेत, एवढेच सांगितले. बोलणे आणि करणे यांत तेथे अंतर नव्हते.

समारोप

वरील विवेचनातून काही गोष्टी स्पष्ट होतात. मानवी हक्कांच्या बाबतीत निखळ शुद्ध वर्तनाची अपेक्षा कोणत्याही राष्ट्राकडून करता येत नाही. हितसंबंध हे राज्यव्यवहाराचे वास्तव आहे. परंतु हितसंबंध हितसंबंधाच्या नावाने सांगणे, अत्याचार कळला त्या दिवशीच त्याची नोंद करणे, वाक्यातील कर्ता न लपवणे आणि दाराशी आलेल्या माणसाला परत न लोटणे, एवढे बहुतेक राष्ट्रांच्या आवाक्यातले आहे. यांपैकी एकाही गोष्टीला सैन्य लागत नाही.

डिसेंबर २०१२ मध्ये म्यानमारचे तत्कालीन अध्यक्ष थेन सेन रत्नागिरीस आले आणि त्यांनी थिबाच्या समाधीचे दर्शन घेतले. शंभर वर्षांपूर्वी परकीयांनी आपल्या राजावर केलेल्या अन्यायाचे स्मरण करणारे हे राष्ट्रप्रमुख स्वतः ज्या लष्करातून आले होते, त्याच्या अन्यायाचे स्मरण करणारी माणसे तेव्हाही तुरुंगांत आणि निर्वासितांच्या छावण्यांत होती. अन्यायाची आठवण ठेवणे आणि अन्याय ओळखणे या दोन क्षमता वेगळ्या आहेत. पहिली प्रत्येक राष्ट्राजवळ असते. दुसरी मिळवावी लागते, आणि ती मिळवण्याचा आरंभ दुसऱ्याच्या निवेदनांपेक्षा स्वतःच्या निवेदनांच्या तारखा तपासण्यापासून होतो.